मासळीची आवकही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मटण-चिकन सोडून फक्त मासे खावेत, असं सांगणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. सल्ल्याशी माझं भांडण नाही, मी जन्मापासून तसाच जेवत आलो आहे. भांडण आहे ते लेखाखाली दिलेल्या आठवड्याच्या तक्त्याशी. सोमवारी सॅल्मन, बुधवारी ट्यूना, शुक्रवारी पापलेट, रविवारी सुरमई, सोबत ऑलिव्ह तेल आणि वाफवलेली ब्रोकोली. आणि हा तक्ता म्हणे वर्षभर पाळायचा. जून-जुलैत हे मासे आणायचे कुठून? गडहिंग्लज-इचलकरंजीच्या माणसाने ते ताजे आहेत हे ओळखायचं कसं? याबद्दल लेखात अवाक्षर नाही. म्हणून हे पत्र. ते लांबलं आहे याची कल्पना आहे. कात्री लावायचीच झाली तर माझ्याबद्दलच्या मजकुराला लावा, माशांबद्दलच्या नको.

माझं गाव मालवण तालुक्यातलं आचरा. नोकरी पाटबंधारे खात्यात, सगळी कोल्हापूर जिल्ह्यात, आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. आमच्या घरी मासे चालत, मटण-कोंबडी उंबऱ्याच्या आत येत नसे. यामागे आहारशास्त्र वगैरे काही नव्हतं. किनाऱ्यावरच्या बऱ्याच सारस्वत घरांतली ती रीत. अशा माणसाचे कोल्हापुरात हाल कुत्रा खात नाही. ऑफिसात कुणाची बढती झाली, बदली झाली, कुणाला नातू झाला, की रस्सा मंडळ ठरलेलं. तांबडा, पांढरा, सुकं, खिमा असा सगळा थाट, आणि मी आपला दहीकांदा-भाकरी घेऊन कोपऱ्यात. "काय राव, मासं खाता आन् मटान न्हाई? मग त्यो काय जीव न्हवं व्हय?" हा प्रश्न मला अख्ख्या नोकरीत विचारला गेला. प्रश्न रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मासे तेवढे खाणाऱ्याने आपण फार मोठे दयाळू असल्याचा आव आणू नये, इतकं मात्र माझं मत आहे. आमच्या सौ. कागलच्या. त्या आणि मुलं मटण खातात. घरात शेगडी एक, पातेली दोन, आणि संसार बिनतक्रार चालला आहे.

आता तक्त्याकडे वळतो. सॅल्मन आपल्या समुद्रात मुळी नसतोच. मोठ्या दुकानांत 'इंडियन सॅल्मन' अशी पाटी लावून जो विकतात तो आपला रावस. मासा फक्कड आहे, पण सॅल्मनशी त्याचं काही नातं नाही. खरा सॅल्मन येतो तो नॉर्वेसारख्या थंड देशांतून, बहुतेक पिंजऱ्यात वाढवलेला आणि गोठवलेला. हॉटेलांतल्या 'फिश टिक्क्या'त जो पांढराशुभ्र, बिनकाट्याचा, बिनवासाचा आणि बिनचवीचा तुकडा असतो, तो बहुधा बासा. हा मूळचा व्हिएतनामकडचा, तळ्यात वाढवायचा मासा. खायला काही वाईट नाही. पण हृदयासाठी मासे खा असं डॉक्टर सांगतात ते ज्या तेलासाठी, ते ओमेगा-३ की काय, ते बाशात जेमतेम असतं. बांगड्यात आणि तारलीत ते भरपूर असतं. आणि एक किलो सुरमईच्या पैशांत तीन-चार किलो बांगडा येतो. पेन्शनरला हा हिशेब लगेच कळतो.

सुरमईबद्दल आणखी एक. मोठा मासा आयुष्यभर लहान मासे खातो आणि त्यांच्यातला पारा त्याच्या अंगात साठत जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर बायकांना जे मासे टाळायला सांगितले आहेत त्यांत शार्क आहे आणि किंग मॅकरेल आहे. शार्क म्हणजे आपली मोरी, आणि किंग मॅकरेल हा सुरमईच्याच कुळातला. गंमत म्हणजे आमच्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुद्दाम मोरी खायला घालतात. कधीतरी खाल्लेल्या लहान मोरीने आभाळ कोसळत नाही, पण आठवड्याचा तक्ताच करायचा असेल तर त्यात मोठा शिकारी मासा वारंवार नसावा, एवढं लेखात यायला हवं होतं. मांदेली, तारली, पेडवे, बांगडे, मुडदुशा ही मंडळी लहान असतात, लवकर वाढतात आणि लवकर मरतात. पारा साठवायला त्यांना सवडच नसते. मांदेली तर कुरकुरीत तळून काट्यासकट खाल्ली जाते, कॅल्शियम आपोआप पोटात जातं. आणि जे पूर्ण शाकाहारी आहेत, ज्यांच्या रक्ताच्या रिपोर्टात बी-१२ सतत खाली असतं, त्यांनाही मासे चालत असतील तर त्या इंजेक्शनांचा खर्च बराच वाचेल.

वर्षभराचं म्हणाल, तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा हंगाम आणि खवळलेला समुद्र, ही दोन्ही कारणं त्यामागे आहेत. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे जुलैत कोल्हापुरात समुद्राचा मासा दिसला तर तो एक तर तिकडून बर्फातून आलेला, नाही तर शीतगृहातला, नाही तर बिगरयांत्रिक होडीवाल्याने किनाऱ्यालगत धरलेला थोडाथोडका, आणि यांपैकी काहीच नसेल तर चोरून धरलेला. कोल्हापूर ज्या दिवसांत आखाडाच्या जेवणावळींनी दणाणून गेलेलं असतं, त्याच दिवसांत आम्हा मासेवाल्यांच्या ताटात पावटा आणि बटाटा. पुढे बोटी समुद्रात जातात तोवर श्रावण आलेला असतो. फक्त मासे खाणारा माणूस वर्षातला बराच काळ निमूट शाकाहारी असतो, हे आहाराचा तक्ता करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

त्यावर आमच्याकडचा उपाय म्हणजे सुकं. मे महिन्यात सुका बांगडा, सुके बोंबील, सोडे, जवळा (आमच्या मालवणीत गोलमा) हे सगळं आणून, पुन्हा एकदा खडखडीत ऊन दाखवून, हवाबंद डब्यांत भरून ठेवायचं. पावसाळ्यात सुका बांगडा निखाऱ्यावर भाजायचा, काटे काढून चुरायचा आणि त्यात ओलं खोबरं, कच्चा कांदा, हिरवी मिरची आणि आगळाचे, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाचे, चार थेंब कालवायचे. ही किसमूर आणि उकड्या तांदळाची पेज असली की बाहेर कितीही पाऊस पडू दे. कोल्हापूरकरही सुकट खातात, तव्यावर भाजून कांद्यात परतलेली, भाकरीबरोबर. तीही झकास. मीठ मात्र सांभाळावं लागतं. खारवलेला बांगडा कोमट पाण्यात दोनदा भिजवून, पाणी टाकून मगच वापरावा. ब्लडप्रेशरवाल्यांनी सुकं रोज खाऊ नये. मी रक्तदाबाची गोळी घेतो, म्हणून हे ठासून लिहितो आहे.

पहिल्या पावसात नदीतून ओहोळांत आणि शेतांत चढणारे मासे, ते चढणीचे मासे, यांच्याबद्दल हल्ली मोबाइलवर फार कौतुकाचे व्हिडिओ येतात. लहानपणी आम्हीही कंदील घेऊन ते धरायला जायचो. मजा असते यात शंका नाही. पण ते मासे अंडी घालायलाच चढतात, एकेकाचं पोट गाबोळीने तट्ट फुगलेलं असतं. तेव्हा वाडीतली चार पोरं जात. आता रस्त्याकडेला गाड्या लावून माणसं जाळी घेऊन उतरतात. मी तरी ते विकत घेत नाही.

आता निवड. घाटावरच्या वाचकाला लेखातून काय हवं होतं, तर हेच. कोल्हापुरात मासा येतो तो मालवण-देवगडहून फोंडा नाही तर गगनबावड्याच्या घाटाने आणि रत्नागिरीहून आंबा घाटाने. बोट बंदराला कधी लागली, लिलाव कधी झाला, टेम्पो किती वाजता सुटला, घाटात काय झालं, यावर मासा आपल्याला किती तासांचा मिळणार ते ठरतं. २०२४ मध्ये गगनबावड्याचा करूळ घाट कामासाठी बंद होता तेव्हा गाड्यांना वळसा पडत होता, आणि तो वळसा मासा हातात घेतल्यावर कळायचा. तेव्हा इथल्या माणसाने 'कुठला मासा चांगला' हे विचारण्याआधी 'कुठल्या माशाला हा प्रवास झेपतो' हे विचारावं. ओला बोंबील घाट चढला की संपला, त्याच्या अंगात मांसापेक्षा पाणीच जास्त. तो मुंबईला किंवा किनाऱ्यावर गेल्यावर खावा, इथे सुकाच घ्यावा. सुरमई, हलवा, घोळ हे मोठे, घट्ट मांसाचे मासे बर्फात नीट ठेवले तर दोन दिवस तग धरतात. बांगडा-तारली मधल्या गटातले. चांगले मिळतात, पण बघून घ्यावे लागतात.

बांगडा बघायचा कसा, ते माझ्या आत्याने मला शिकवलं. मालवणच्या बाजारात ती बांगडा डोक्याकडून धरायची आणि आडवा करायची. "हातात ताठ रवलो तर घेवचो, शेपटी वाकली तर थयच ठेवचो." ताजा बांगडा खरोखरच काडीसारखा ताठ उभा राहतो, शिळा मधेच मान टाकतो. मग डोळा बघायचा. तो फुगीर आणि काळा चकचकीत असला पाहिजे. आत गेलेला, धुरकट, लालसर डोळा म्हणजे मासा जुना. कल्ल्याचं झाकण उचलून बघायचं, आत लालभडक हवं. तपकिरी किंवा फिकट गुलाबी दिसलं, चिकट तार आली, की पुढे चला. पोट दाबून बघा. बांगड्याचं पोट सगळ्यात आधी मऊ पडतं आणि फुटतं. पाठीवरचा निळा-हिरवा रंग आणि त्यावरच्या काळ्या रेघा उजळ दिसल्या पाहिजेत. वास समुद्राचा यावा, अमोनियाचा नाही. पापलेटला वेगळी खूण आहे. कल्ल्याजवळ अंगठ्याने दाबलं की पांढरं पाणी आलं तर घ्या, लालसर आलं तर राहू द्या. कोलंबीचं डोकं धडाला घट्ट असावं, काळं पडलेलं नसावं. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मिटलेल्या असाव्यात, उघड्या असतील तर टिचकी मारल्यावर मिटल्या पाहिजेत, नाही तर त्या मेलेल्या. आणि विक्रेत्याने तुकडे करूनच ठेवले असतील तर डोकं दाखवा म्हणायचं. डोकं दाखवायला जो कुरकुरतो त्याच्याकडून मी काही घेत नाही.

हे नखरे म्हणून सांगत नाही. बांगडा, तारली, कुपा (म्हणजे तुमचा ट्यूना) या जातीचे मासे बर्फाशिवाय काही तास उष्म्यात पडले, तर त्यांत हिस्टामिन नावाचा पदार्थ तयार होतो. तो कितीही शिजवलं, तळलं तरी जात नाही. मग जेवल्यावर तासाभरात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, आणि माणूस म्हणतो मला माशांची ॲलर्जी आहे. पुष्कळदा दोष माशाचा नसतो, न घातलेल्या बर्फाचा असतो. तेव्हा बाजारात पिशवीबरोबर डबा न्यावा, वर बर्फाचा चुरा मागून घ्यावा आणि भाजी, किराणा, गप्पा सगळं उरकून मासळीकडे शेवटी जावं. माझे शेजारी आधी मासे घेतात आणि मग पिशवी स्कूटरला अडकवून चहाच्या टपरीवर राजकारण करत बसतात.

आकाराचाही विचार हवा. २०२३ मध्ये राज्य सरकारने पापलेटला, म्हणजे रुपेरी सरंग्याला, राज्य मासा जाहीर केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी किमान आकारही ठरवून दिला. त्याहून लहान मासा पकडू नये, विकू नये. पापलेटसाठी ही मर्यादा १३५ मिलिमीटर आहे. शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी १५ सेंटीमीटरची असते, तिच्यापेक्षा बोटभर लहान म्हणा. तरीही बाजारात 'फ्राय साइज' या गोंडस नावाने तळहाताएवढी पापलेटं ताटलीत रचलेली दिसतात आणि आपण 'एका माणसाला एक, छान' म्हणत घेतो. ज्या माशाने एकदाही अंडी घातली नाहीत तो आपण खाल्ला, तर पुढच्या हंगामात भाव का चढले म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. पालघरच्या सातपाटीसारखी गावं पापलेटवर उभी आहेत. तिथले मच्छीमार लहान पापलेट धरू नका म्हणून कधीपासून सांगत आहेत. इकडे मालवणात रापणवाल्यांचं पर्ससीनवाल्यांशी (मोठ्या जाळ्याने अख्खा थवा वेढणारे) आणि एलईडीवाल्यांशी (दिव्यांच्या झोताने मासे गोळा करणारे) चाललेलं भांडण आपल्या पत्रात अधूनमधून येतं, त्याच्या तपशिलात मी शिरत नाही. पण रापणीचा मासा मिळाला तर तो घ्यावा. किनाऱ्यावरून ओढलेलं जाळं, वाळूवरच वाटे पडतात, मासा पाण्याबाहेर येऊन तास झालेला नसतो. तारकर्ली-मालवणला सुटीला जाणाऱ्यांनी हॉटेलातल्या थाळीच्या आधी पहाटे तो बाजार बघावा.

रांधणं. लेखात ऑलिव्ह तेल आणि ओव्हन आहे. त्याला माझी हरकत नाही, पण बांगड्याला ते दोन्ही लागत नाहीत. आमच्याकडे तिरफळं घालून आमटी करतात ती सांगतो.

चार मध्यम बांगडे घ्या. कल्ले ओढून काढा. पोट चिरून आतला काळा पातळ पापुद्रा बोटाने खरवडून टाका आणि कण्याला चिकटलेलं रक्त नखाने काढून धुवा. बांगडा उग्र लागतो, कडू लागतो अशी तक्रार असते ती या पापुद्र्याची आणि रक्ताची. विक्रेता हे करून देत नाही, ते आपणच करायचं. डोकी टाकू नका. तुकडे करून मीठ-हळद लावून बाजूला ठेवा. वाटीभर ओलं खोबरं, सात-आठ बेडगी मिरच्या भिजवून, चमचाभर धणे, थोडी हळद, एवढंच अगदी मुलायम वाटायचं. कांदा घातला तर पाव, लसूण नाही. वाटण टोपात पाण्यात सारखं करून उकळी आणा. सात-आठ तिरफळं घ्या, आतलं काळं बी असेल तर काढून टाका, नुसती सालं जरा ठेचून उकळत्या आमटीत सोडा. ती वाटणात घालायची नाहीत, आमटी कडू होते. मग बांगडे आणि चार-पाच कोकमं. मंद आचेवर सात-आठ मिनिटं, बस्स. डाव घालून ढवळायचं नाही, टोप दोन्ही कानांना धरून गोल हलवायचा. गॅस बंद करून वरून चमचाभर कच्चं खोबरेल आणि झाकण. दुसऱ्या दिवशी ती आणखी चांगली लागते, भाकरीबरोबर तर विचारू नका. तिरफळाचा जिभेला झिणझिण्या आणणारा जो गुण आहे तो बांगडा-तारलीसारख्या तेलकट माशालाच शोभतो. पापलेटमध्ये घालाल तर पापलेट हरवतं.

आमच्या सौ. यात कांदा-लसूण चटणी घालतात. तो पदार्थही चवदार होतो, मी नावं ठेवत नाही. फक्त त्यात बांगडा आहे की वांगं, हे चावल्याशिवाय कळत नाही.

घाटावर मासे बिघडतात ते बहुतेक एकाच कारणाने: आपण ते मटणासारखे शिजवतो. माझ्या एका सहकाऱ्याने मोठ्या हौसेने सुरमई आणली, कुकरला लावली आणि तीन शिट्ट्या काढल्या. वर मलाच विचारलं, "तुमच्या माशाला काय चव-बिव असती का न्हाई?" माशाचं मांस मिनिटांत शिजतं, पुढचं प्रत्येक मिनिट ते कोरडं करतं. काट्यापासून मांस सहज सुटलं की झालं. तळतानाही तेच. आगळ, मीठ, हळद, तिखट लावून पंधरा मिनिटं ठेवा, तांदळाच्या पिठात रवा मिसळून त्यात घोळवा आणि बिडाच्या तव्यावर थोड्या तेलात टाका. खालची बाजू आपोआप तव्यापासून सुटेपर्यंत उलथनं लावू नका. बांगड्याला दोन्ही बाजूंनी तिरप्या चिरा दिल्या तर त्याचं स्वतःचं तेल सुटतं, वरून फार लागत नाही. कढईभर तेलात बुडवून तळायचं असेल तर मग हृदयासाठी मासे खातो असं म्हणू नये.

शेवटी गोड्या पाण्यातले मासे, ज्यांचं लेखात नावही नाही. नोकरीत माझा निम्मा वेळ धरणांवर गेला. राधानगरी, काळम्मावाडी इथे मत्स्यबीज, ज्याला बोटुकली म्हणतात, सोडताना मी पाहिलं आहे. कटला, रोहू, मृगळ. सुरुवातीला मीही नाक मुरडायचो, किनाऱ्याच्या माणसाला नदीचा मासा म्हणजे दुय्यम. पण कोल्हापूरला येणारा सगळ्यात ताजा मासा हाच असतो, हे नाकारून चालत नाही. मरळ तर बाजारात जिवंत मिळतो. रोहूत बारीक काटे फार, म्हणून तुकडे पातळ घ्यावेत आणि घाईच्या दिवशी तो करू नये. कटल्याचं डोकं वेगळं आमटीला ठेवावं. चिखलट वास येत असेल तर चिंचेचा कोळ आणि मीठ लावून वीस मिनिटं ठेवावं, आंबटाने तो उतरतो. इथे मात्र सौ.ची कांदा-लसूण चटणी आणि आल्याचं वाटण बरोबर बसतं, तिरफळ-खोबरं नाही.

चिलापी तर निःशंक खावी. ती मूळची आफ्रिकेची, १९५२ मध्ये आपल्या देशात आणली गेली आणि मग नदी-तळ्यांत हातपाय पसरून बसली, देशी माशांची जागा खात. उजनीच्या पाण्यावर भिगवणला चिलापीची जेवणं प्रसिद्ध आहेत, पुण्या-सोलापूरचे लोक गाडी वळवून जातात. आपण चिलापी जितकी खाऊ तितकी देशी माशांना जागा मोकळी होईल, म्हणून ती घेताना मला कधी संकोच वाटत नाही. मात्र नदीचा मासा घेताना कुठल्या पाण्यातला ते विचारावं. पंचगंगेत उन्हाळ्यात मेलेल्या माशांचे खच पडतात, तेरवाड बंधाऱ्यावरची ती छायाचित्रं आपल्याच पत्रात येतात. वरच्या धरणातला मासा आणि खालच्या बंधाऱ्यातला मासा यांत फरक आहे. मी खालचा घेत नाही.

तर माझी विनंती अशी. आपल्या पत्रात गुळाचे सौदे येतात, सोनं-चांदी येतं, भाजीपाल्याची आवक येते, कोथिंबिरीची जुडी दोन रुपयांनी चढली तरी बातमी होते. मासळीची आवक मात्र येत नाही. आठवड्यातून एकदा, शनिवारी, चार ओळींचा चौकोन द्यावा. कुठल्या बंदराचा माल आला, मालवण, देवगड की रत्नागिरी. कुठला मासा मुबलक आहे, भाव काय. पापलेट लहान येत असेल तर तेही लिहावं, निदान दुकानदाराला कुणीतरी बघतंय एवढं कळेल. धरणांतलं काय आलं, कुठल्या धरणातलं. बंदीच्या दोन महिन्यांत सुक्याचे भाव. आहाराचे तक्ते त्यानंतर वाचक आपापले करतील, त्यांना तेवढी अक्कल आहे.

व्यापारी माहिती देतील का, अशी शंका येईल. मी ज्यांच्याकडून मासे घेतो त्या दोघांना विचारलं, ते तयार आहेत. पहाटे टेम्पो खाली होताना जाऊन आकडे टिपून आणायला माणूस लागेल, तर ते काम मी विनामोबदला करीन, नाही तरी मी जातोच. फक्त सोमवारी आणि संकष्टीला माझा उपास असतो. त्या दिवशी दुसऱ्या कुणाची तरी व्यवस्था करावी.

आपला,
एक मालवणी वाचक,
कोल्हापूर